हिंसा, बाई आणि गाव : एका संशोधनदृष्टीची चिकित्सा

गेल्या काही वर्षांत जगभरच्या विद्यापीठांत आणि शासनसंस्थांत एक नवे अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. 'हिंसक अतिरेकवादाचा प्रतिबंध' असे त्याचे नाव. तरुण माणूस हिंसेकडे का वळतो, त्यात त्याच्या अस्मितेचा वाटा किती, पुरुषपणाच्या कल्पनेचा वाटा किती आणि ही हिंसा थोपविण्यात स्त्रिया काय करू शकतात, असे प्रश्न तेथे विचारले जातात. प्रश्न चांगले आहेत. परंतु हे प्रश्न कोण विचारतो, कोणाला विचारतो आणि कोणाला विचारायचे टाळतो, हे पाहिल्यावाचून त्यांचे मोल ठरविता येणार नाही. ह्या लेखात मला तेवढेच करावयाचे आहे.

ह्या विचाराचा थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००० साली १३२५ क्रमांकाचा ठराव करून युद्ध आणि शांतता ह्या विषयांत स्त्रियांना स्थान दिले. पुढे २०१५ च्या २२४२ क्रमांकाच्या ठरावाने हा विषय अतिरेकवादविरोधी धोरणाशी जोडला आणि स्त्रिया हिंसक मार्गाकडे का वळतात, त्याचप्रमाणे दहशतवादविरोधी धोरणांचा स्त्रियांच्या हक्कांवर काय परिणाम होतो, ह्याचे संशोधन करावे असे सांगितले. २०१६ च्या जानेवारीत सरचिटणीस बान की-मून यांनी प्रतिबंधाचा कृतिआराखडा मांडला. ह्या आराखड्यात एक प्रामाणिक कबुली आहे. हिंसक अतिरेकवादाची स्पष्ट व्याख्या उपलब्ध नाही आणि ती करण्याचा अधिकार त्या त्या राष्ट्राचा आहे, असे तो म्हणतो. आपल्या दृष्टीने सगळा प्रश्न ह्या कबुलीतच आहे. व्याख्या करण्याचा अधिकार राज्यसंस्थेकडे, आणि राज्यसंस्था कोणाच्या हातात आहे हे दलित वाचकाला सांगावे लागत नाही.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलू. २०१३ च्या जानेवारीत नेवासे तालुक्यातील सोनईजवळ मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. कारण होते त्यांतील एकाचे सवर्ण मुलीवरील प्रेम. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला मारून झाडाला टांगण्यात आले. तो मराठा समाजातील एका मुलीशी बोलतो, असा संशय होता. १३ जुलै २०१६ रोजी शेजारच्या कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे १५ वर्षांच्या मराठा मुलीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. आरोपी दलित होते.

सोनईच्या खटल्यात नाशिकच्या न्यायालयाने २०१८ च्या जानेवारीत सहा जणांना फाशी सुनावली. उरलेल्या दोन्ही खटल्यांचे निकाल आपल्याच जिल्हा न्यायालयात २०१७ च्या नोव्हेंबर महिन्यात लागले. २३ तारखेला खर्ड्याचे आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. २९ तारखेला कोपर्डीच्या तिघांना फाशीची शिक्षा झाली. कोपर्डीच्या मुलीला न्याय मिळाला ह्याबद्दल आपल्या मनात किंतु असता कामा नये. ज्या कार्यकर्त्याला हे उच्चारताना जड जाते त्याने आपल्या बांधिलकीची तपासणी करावी. परंतु एकाच आठवड्यात एका खुनाला खुनी सापडतात आणि दुसऱ्याला सापडत नाहीत, ह्या वस्तुस्थितीची मीमांसा कोणत्या शास्त्राने करावयाची?

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवितो. मध्यंतरी अशाच एका संशोधनप्रकल्पाची प्रश्नावली माझ्यापर्यंत आली. तरुणांच्या वागण्यात अचानक बदल झाला काय, तो एकलकोंडा झाला काय, धर्मग्रंथ वाचू लागला काय, आईच्या ते लक्षात आले काय, असे तिचे स्वरूप होते. जातीचा रकाना नव्हता. मी ती पुन्हा पुन्हा वाचली आणि खर्ड्याला लावून पाहिली. गावातला जो तरुण 'आपल्या मुलीकडे पाहिले' म्हणून दुसऱ्याच्या जिवावर उठतो त्याच्या वागण्यात अचानक काहीच बदल झालेला नसतो. तो एकलकोंडा नसतो. त्याच्या मागे भावकी असते, पंगत असते, गावचा पुढारी असतो. त्याला कोणी अज्ञात प्रचारक भेटलेला नसतो. घरात, पारावर, लग्नाच्या मांडवात तो जे लहानपणापासून ऐकत आला तेवढेच त्याला पुरते. अतिरेक हा शब्द कडेच्या माणसासाठी घडविलेला आहे. आपल्याकडची हिंसा गावाच्या मधोमध राहते आणि तिला प्रतिष्ठा असते. म्हणून ती प्रश्नावलीच्या चाळणीतून अलगद खाली पडते.

आता आईचा मुद्दा. ह्या संशोधनात आई ही जणू घरातली पहारेकरीण आहे. तिने मुलावर नजर ठेवावी, धोक्याची चिन्हे ओळखावीत, वेळीच कळवावे. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझी आई दरवर्षी सहा महिने ऊसतोडीला कारखान्यावर जात असे. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. उचल बापाच्या नावावर, आणि आई अर्धा कोयता. पहाटे तीनला उठून फडात जाणारी बाई मागे गावात राहिलेल्या पोरावर कोणती नजर ठेवणार? आणि समजा ठेवली, तरी ती कळविणार कोणाला? फिर्याद नोंदवून घेण्यासाठी ज्या ठाण्यासमोर दिवस दिवस बसावे लागते, त्याच ठाण्याला आपल्या लेकराची खबर द्यावी अशी अपेक्षा दलित आणि मुसलमान आईकडून करणे ही थट्टा आहे. स्त्रीला सहभाग दिला असे म्हणावयाचे आणि तिला खबऱ्याचे काम द्यावयाचे, ह्याला स्त्रीमुक्ती म्हणता येत नाही.

लिंगभाव आणि अस्मिता यांचा संबंध आपल्याला कोणी नव्याने शिकवावा अशीही स्थिती नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ होते. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, आणि तो टिकवायचा तर स्त्रीवर ताबा ठेवावा लागतो, हे त्यांनी त्यात दाखविले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ह्या प्रथांची उपपत्ती त्यांनी तेथून लावली. सोनई आणि खर्डा समजून घेण्यासाठी ह्याहून नेमके साधन मला दिसत नाही. मुलगी ही जातीची वेस आहे. वेशीपाशी कोणी आले की गाव हत्यार उचलते. शर्मिला रेगे यांनी बाबासाहेबांचे हे लेखन २०१३ साली एकत्र करून पुन्हा अभ्यासकांपुढे ठेवले. तरीही अतिरेकवादाच्या अभ्यासात त्याची दखल घेतलेली मला आढळली नाही.

खैरलांजीचे उदाहरण ह्या संदर्भात पुन्हा आठवावे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील ह्या गावात आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. न्यायालयाने खून मान्य केले, शिक्षा दिली. परंतु अॅट्रॉसिटीचा कायदा लागू मानला नाही आणि विनयभंगाचा आरोपही टिकला नाही. म्हणजे हिंसेतून जात वजा झाली आणि स्त्रीही वजा झाली. मग उरले काय? गावातले भांडण. उलट ह्याच खैरलांजीवर ग्रंथ लिहिणारे आनंद तेलतुंबडे यांना एल्गार परिषदेच्या प्रकरणात यूएपीएखाली १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, अटक झाली. २०२२ च्या नोव्हेंबरात जामीन मिळेपर्यंत ते तुरुंगात होते. अतिरेकी कोणाला म्हणावयाचे आणि गावकरी कोणाला, ही वाटणी कशी होते ते ह्यावरून वाचकांनी ताडावे.

परंतु आपला दोष दाखविला नाही तर ही चिकित्सा अर्धवट राहील. २०१६ च्या मराठा मूक मोर्चांत मुली पुढे होत्या, निवेदने त्यांनी वाचली. कोपर्डीच्या दुःखाला अॅट्रॉसिटी कायद्यातील बदलाची मागणी जोडली गेली, तेव्हा त्या मुलींच्या आडून जात बोलत होती हे आपण बरोबर ओळखले. आणि आपल्या मोर्चांत? तेथे स्त्री मातेच्या रूपात, हुतात्म्याच्या आईच्या रूपात येते. व्यासपीठावर विचार मांडणारी म्हणून क्वचित. खर्ड्याच्या चर्चेत दोन्ही बाजूंनी त्या मुलीचा उल्लेख केवळ कारण म्हणून झाला. तिला बोलण्याचा, आवडीचा, नकाराचा हक्क होता हे आपणही पुरेसे म्हटले नाही. आपली अस्मिता स्वाभिमानातून आली आहे. ती पुरुषी प्रतिष्ठेत विरघळली तर आपणही वेशीवरचे पहारेकरी होऊ.

तेव्हा ह्या नव्या संशोधनाला नकार देऊन भागणार नाही. पुरुषपणाविषयी त्याने विचारलेले प्रश्न आपण घ्यावेत आणि ते मधोमध राहणाऱ्या हिंसेला विचारावेत. जमिनीचे तुकडे झाले, नोकरी नाही, लग्न जमत नाही, अशा सवर्ण तरुणाला बहिणीवरचा ताबा हीच शेवटची मालमत्ता का वाटते? साक्षीदार कोणत्या दिवशी, कोणाच्या बैठकीत फिरतो? खुनाच्या आधी किती लोकांना माहीत असते? प्रतिबंध येथे करावयाचा आहे.

२०२४ साली आपल्या जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. त्यांचे जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यात आहे. खर्डाही त्याच तालुक्यात आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः विद्यार्थिनींनी, प्रत्येक तालुक्यातील अशा खटल्यांची कागदपत्रे वाचावीत, फितूर साक्षीदारांची नोंद करावी, आणि ज्या मुलींची नावे केवळ कारण म्हणून लिहिली गेली त्यांना काय म्हणावयाचे होते ते त्यांच्या संमतीने ऐकावे. हे काम बाहेरची प्रश्नावली करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.