दिवाणखाना आणि भट्टीखाना : एका बाष्पयुगीन हेरकथेतील प्रणय

वाफेच्या यंत्रयुगाला कल्पिताची जोड देणारा ‘स्टीमपंक’ हा कथाप्रकार नावाने तरी अलीकडचा आहे. के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन कादंबरीकाराने १९८७ मध्ये ‘लोकस’ या नियतकालिकास लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या व आपल्या दोन लेखकमित्रांच्या व्हिक्टोरियन कल्पितकथांसाठी हे नाव काहीशा थट्टेने सुचविले आणि तेच रूढ झाले. पुढे या प्रकाराशी हेरकथेचा व प्रणयकथेचा संयोग घडून आला. वरवर पाहता हा संयोग केवळ रंजन वाढविणारा वाटतो. परंतु त्यात एक अंगभूत विरोध आहे. हेराला लपावयाचे असते, प्रेमिकाला प्रकट व्हावयाचे असते. आणि वाफेचे यंत्र तर कोणाच्या तरी हातांनी कोळसा टाकल्यावाचून चालत नाही. हे तिन्ही ताण एका कथानकात कोठवर पेलले जातात, हीच या मिश्र प्रकाराची कसोटी होय. गेल कॅरिजर या अमेरिकन लेखिकेची ‘फिनिशिंग स्कूल’ ही चार कादंबऱ्यांची माला (२०१३ ते २०१५) या कसोटीवर तपासून पाहण्याजोगी आहे.

मालेतील पहिली कादंबरी ‘एटिकेट अँड एस्पिओनाज’ हिचा काळ १८५१ चा. नायिका सोफ्रोनिया ही खेड्यातील एका सुखवस्तू घराण्यातील धसमुसळी मुलगी. तिला शिष्टाचार शिकविण्यासाठी जेथे धाडले जाते ते विद्यालय डार्टमूरच्या माळरानावर तरंगणाऱ्या हवाई जहाजात आहे. आणि तेथे नमस्काराच्या पद्धतींबरोबरच विषप्रयोग, फसवणूक आणि हेरगिरी यांचेही पाठ दिले जातात. या कल्पनेतील विनोद उघड आहे. त्यामागील निरीक्षण मात्र गंभीर आहे. त्या काळच्या कुलीन स्त्रीला मन झाकणे, हसतमुखाने असत्य बोलणे, न पाहिल्यासारखे करून सारे पाहणे, हे शिकावेच लागे. लेखिकेने या सक्तीच्या दुर्गुणालाच व्यवसायाचे रूप दिले आहे. नायिकेची हेरगिरी तिच्या संस्कारांविरुद्ध जात नाही. ती त्या संस्कारांचीच तर्कशुद्ध परिणती आहे.

हवाई जहाजाच्या वरच्या मजल्यांवर असे शिक्षण चाललेले असता तळाशी भट्टीखाना आहे. तेथे काजळीने माखलेली आगवाल्यांची पोरे कोळसा टाकीत असतात. सोफ्रोनियाला कोळशावर चालणारा एक यांत्रिक कुत्रा सापडतो. त्याला खाद्य हवे म्हणून ती तळाशी उतरते, आणि तेथे तिची ओळख सोप या टोपणनावाच्या कृष्णवर्णी मुलाशी होते. मालेतील सर्वांत कसदार योजना हीच होय. इतर पुष्कळ बाष्पयुगीन कथांत यंत्र हे पितळी अलंकारासारखे मिरविण्यापुरते असते. येथे ते भुकेले आहे, आणि त्याच्या भुकेपायीच दिवाणखान्यातील मुलीला ते कोण चालवितो हे दिसते. इंग्लंडमध्ये १८४२ च्या कायद्याने स्त्रिया व दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत भूमीखाली राबविण्यास बंदी झाली होती. त्याहून मोठ्या मुलांचे श्रम कायद्याला मान्यच होते. सोप व त्याचे सोबती ही म्हणूनच निव्वळ कल्पिताची निर्मिती ठरत नाहीत.

नायिकेपुढे दुसरा पर्यायही आहे : उमरावाचा पुत्र फेलिक्स. तो तिच्या वर्गाला शोभणारा आहे, परंतु त्याचा पिता विरोधी कारस्थानात गुंतलेला आहे. त्याच्याशी बोलताना तिला सतत हेर राहावे लागते. सोपजवळ तिला तसे राहावे लागत नाही. प्रणय आणि हेरगिरी यांतील विरोध येथे कोणत्याही भाष्यावाचून, प्रसंगांतूनच मूर्त होतो.

तिसऱ्या कादंबरीत, ‘वेस्टकोट्स अँड वेपनरी’ हिच्यात, ही गाठ सोडविण्याची वेळ येते. गोळी लागून सोप मरणोन्मुख होतो. या कल्पित इंग्लंडमध्ये मानव-लांडगे समाजमान्य आहेत आणि राणीचा त्या जातीचा सल्लागार ‘दिवाण’ या पदवीने ओळखला जातो. हिंदुस्थानातील राज्यकारभारातून उचललेली ही पदवी साम्राज्याच्या उसनवारीची सहज खूण पटविते. सोफ्रोनिया या दिवाणाशी सौदा करते : त्याने सोपला लांडग्याचे रूप देऊन वाचवावे, तिने आपली सेवा त्याला वाहावी.

या उत्तराचे समर्थन करता येते. रूपांतर हा या कथाविश्वाचा मान्य नियम आहे. आणि ते फुकट मिळत नाही, नायिका त्यासाठी आपल्या स्वातंत्र्याची किंमत मोजते. प्रेमासाठी हेराने स्वतःलाच विकावे, यात कारुण्य निश्चित आहे. तथापि आक्षेप उरतोच. सोप आगवाला व कृष्णवर्णी असल्यामुळे जी भिंत उभी होती, ती कोणी पाडली नाही. नायक तेवढा भिंतीपलीकडच्या प्राणिजातीत नेऊन ठेवला. मनुष्य म्हणून त्याला जे नाकारले गेले, ते मनुष्यत्व ओलांडल्यावर सुलभ झाले. सोपची भट्टीतून सुटका होते, परंतु भट्टीचा प्रश्न तेथेच राहतो. शेवटच्या ‘मॅनर्स अँड म्युटिनी’ या कादंबरीत ते तरंगते विद्यालयच नष्ट होते, हेही याच दृष्टीने सूचक आहे : ज्या वास्तूत वरचा व खालचा मजला यांचा संबंध विचारता आला असता, ती वास्तूच कथेतून नाहीशी केली जाते.

हा दोष केवळ एका लेखिकेचा नव्हे. गतकाळाला कल्पिताची यंत्रे बहाल करणाऱ्या या प्रकाराला त्या काळचे अन्यायही कल्पितानेच मिटविण्याचा मोह पडतो. कॅरिजर यांचे श्रेय असे की, त्यांच्या मालेत हा मोह उघडा पडण्याइतपत खरे वास्तव आधी उभे राहिले आहे. शेवट वाचकाला सुखवितो. परंतु स्मरणात राहते ती कोळसा मागण्यासाठी ओंजळ पुढे करून तळाशी उतरलेली मुलगी. या वाङ्मयप्रकाराची शक्यता त्या पायऱ्यांवर आहे. आणि त्याची मर्यादाही तेथूनच मोजावी लागेल.