चंद्रपूरचा परकोट आणि समकालीन वीटकाम : एक चिकित्सा

जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे चार दरवाजे असलेला गोंडकालीन दगडी परकोट ही जुन्या चंद्रपूरची सीमारेषा होय. या परिसरातील नव्या इमारतींची चिकित्सा बहुधा अंतर आणि उंची या निकषांवरच होते. २०१० च्या दुरुस्ती कायद्याने संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित ठरविले. वारसा उपविधींत दर्शनी भागाचा विचारही अभिप्रेत आहे.

तथापि, दर्शनी भाग म्हणजे कारागिरी नव्हे. काँक्रीटच्या सांगाड्यावर विटेच्या रंगाची फरशी चिकटविली तरी दर्शनी मेळ साधतो. परकोटाचा दगड भार वाहतो. फरशी केवळ दिसते. वीटकामाचे मर्म भिंतीच्या जाडीत, थरागणिक केलेल्या सांधेमोडीत आणि गवंड्याच्या ओळंब्यात असते.

सामग्रीचा प्रश्नही येथे महत्त्वाचा ठरतो. सुपीक मातीच्या रक्षणासाठी १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीट उत्पादकांना किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. पुढे ही मर्यादा वाढविण्यात आली. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख आणि गडचांदूरचे सिमेंट यांमुळे नवी भिंत सामग्रीने स्थानिक झाली, परंतु रचनेने नव्हे. चुन्याचा मऊ सांधा सुटून वीट पुन्हा वापरता येते. सिमेंटचा कठीण सांधा विटेलाच फोडतो.

सारांश, वारसा परिसरातील वास्तूचे मूल्यमापन रंगसाम्यावर न थांबता सांध्यापर्यंत पोहोचले पाहिजे. अन्यथा वीट दिसत राहील आणि गवंड्याची विद्या मात्र लोप पावेल.