पटावरचा वजीर आणि तख्तावरचा नवाब

अवधच्या अस्ताचे चित्र म्हणून प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (१९२४) या कथेची वाखाणणी होते; परंतु तिचे शोकात्म बळ राज्य जाण्यात नाही. मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे भित्रे नव्हेत. नवाबाला कैद करून गोऱ्यांची फौज निघून जाते, तेव्हा ते गोमतीपलीकडील पडक्या मशिदीत डावात गढलेले असतात. आणि मग चालीवरून निघालेला तंटा घराण्याच्या अब्रूपर्यंत जाताच तेच दोघे तलवारी उपसून प्राण देतात. शौर्य होते, ते कोठे वेचावयाचे, ही निवड चुकली.

नवाबाला मात्र कथेत निवडच नाही, आणि हे तिचे उणेपण होय. इतिहासातील वाजिद अली शहाने फेब्रुवारी १८५६ मध्ये औट्रमने पुढे केलेल्या तहावर सही नाकारली, पण शस्त्रही उचलले नाही. त्या एका निर्णयाने लखनौचा रक्तपात टळला, तोही वर्षभरच. १८५७ मध्ये तेथील रेसिडेन्सीला वेढा पडला.

सत्यजित रे यांनी १९७७ च्या चित्रपटात ही निवड नवाबाला परत दिली, आणि खेळाडूंना जिवंत ठेवले. त्यामुळे नवाब शोकात्म झाला खरा. मीर आणि मिर्झा मात्र उपहासाचेच धनी उरले.