आंजर्ल्याची पौर्णिमा

किनाऱ्यावरच्या पक्षी-सहलीचं वेळापत्रक छापतो आयोजक, पण ठरवतो चंद्र. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. माघी एकादशीला आंजर्ल्यात उतरलेल्या गटाला पहिल्या सकाळी उजाडतं तेव्हा पाणी बरंच चढलेलं असतं, पक्षी आधीच गोळा होऊन बसलेले. पौर्णिमेच्या, म्हणजे शेवटच्या सकाळी उधाणाची ओहोटी लांबवर गेलेली असते आणि सगळा खेळ मुळापासून बघायला मिळतो.

शेवटचा दिवस म्हणजे भैरवी, असं म्हणायची आपल्याकडे सवय आहे. इथे ते लागू नाही. पौर्णिमेची सकाळ विलंबितात सुरू होते आणि अकराच्या सुमारास द्रुतात शिरते.

सातला जोग नदीच्या मुखाकडची ओली वाळू अफाट दिसते आणि पक्षी तिच्यावर विखुरलेले. आता घाई नाही. याद्या भरल्यात, नवा ‘लायफर’, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसणारा पक्षी, मिळायची आशा जवळपास संपलीय, म्हणून कुणी कुणाला हाका मारत नाही. चालीतला फरक दिसायला हीच वेळ लागते. चिखल्या धावतो, थबकतो, बघतो, मग टिपतो. त्याचं सगळं काम डोळ्यांवर. सँडरलिंग मात्र परतणाऱ्या लाटेमागे पळत चोचीनं वाळू चाचपत जातो आणि पुढची लाट आली की तिच्यापुढे मागे पळतो. तुतवारांच्या कुळात असूनही त्याच्या पायाला मागचं बोट नाही. एकाच वाळूत, हातभर अंतरावर, एक नजरेनं जेवतो आणि एक स्पर्शानं.

नऊपर्यंत पाणी बरंच चढतं. वाळूचा पट्टा अरुंद होतो तसे वेगवेगळे बसलेले थवे एकमेकांत सरकत येतात. हर्णे बंदराकडून कुरवही येऊन टेकतात. मधूनच समुद्रगरुड वरून गेला की सगळं उडतं, आणि सहलीतला सर्वांत देखणा क्षण तोच. पाठी दिसतात तेव्हा थवा वाळूत विरतो. वळला की शेकडो पोटं एकदम पांढरी. कोण ठरवतं हे? जीवशास्त्रज्ञ वेन पॉट्स यांनी 1984 मध्ये सँडरलिंगच्याच जवळच्या नातलगाच्या, डनलिनच्या, थव्यांचं चित्रीकरण तपासलं. त्यांना पुढारी सापडला नाही. कुणीही एक पक्षी थव्याच्या आतल्या बाजूला वळला की वळण लाटेसारखं पसरतं, आणि शेजाऱ्याला बघून वळायला लागेल त्यापेक्षा कितीतरी वेगानं. दूरची लाट येताना बघून प्रत्येक जण आपला क्षण आधीच साधतो. हे कळल्यावर थवा जास्तच देखणा वाटतो, निदान मला.

सव्वाअकराला पाणी भरतं आणि पक्ष्यांना मागे सरकायला जागा उरत नाही. अशा वेळी कॅमेरा घेऊन पुढे टाकलेली दहा पावलं अख्खा थवा उडवतात, पुढच्या उड्डाणासाठी साठवलेली चरबी फुकट जाळायला लावतात. त्यापेक्षा स्कोप लावून लांब बसावं. एका पायावर उभे, चोच पाठीत खुपसलेले पक्षी आता निवांत वाचता येतात. तपकिरी डोक्याच्या कुरवांपैकी काहींची डोकी नावाला जागायला लागलीत. लडाख-तिबेटच्या सरोवरांवर जायची ही तयारी. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या डोळ्याशी तपकिरी डोक्याच्याचा फिकट डोळा ताडून पाहावा. पंखांची टोकं मिटलेली असली तरी डोळा फसवत नाही. चिखल्यांपैकी एखाद्याच्या छातीवर तांबूस रंग चढू लागलाय. याच चिखल्यांतल्या लेसर सँड प्लव्हरचे आता तिबेटी आणि सायबेरियन असे दोन भाग पाडलेत, त्यावर रात्री जेवताना झालेला वाद इथे मिटत नाहीच.

तक्रार एकच. बहुतेक सहलींत या दिवशी ‘नाश्ता, खरेदी, परतीचा प्रवास’ एवढंच छापलेलं असतं. पाणी भरत असताना मंडळी दुकानात कोकम आणि आंबापोळीचे भाव विचारत असतात. पंचांग बघून बस साडेबाराला सोडली तरी ती माणगाव-ताम्हिणीमार्गे रात्री पुण्यात पोचते, आणि आंबापोळी वाटेतही मिळते.