पोस्टकार्ड, फळा आणि इंटरनेट

डॉ. जयंत नारळीकरांच्या लेखनाची चर्चा होते तेव्हा ती बहुधा त्यांच्या विज्ञानकथांपाशी किंवा हॉएल-नारळीकर सिद्धान्तापाशी थांबते. या लेखात आम्ही त्यांच्या एका निराळ्या कामाकडे पाहणार आहोत. विश्वरचनाशास्त्राचे संशोधन हा त्यांचा मुख्य व्यवसाय. पण त्यातून वेळ काढून त्यांनी शालेय शिक्षण, फलज्योतिष, रोजच्या जगण्यातील गणित, मुलांचे प्रश्न अशा कितीतरी विषयांत लक्ष घातले. हे सारे त्यांचे जोडउद्योग. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाल्यावर या जोडउद्योगांविषयी खूप गौरवाने लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु शिक्षकाला गौरवाने काम भागत नाही. यातले वर्गात काय नेण्यासारखे आहे आणि काय अपुरे आहे, हे त्याला तपासून घ्यावे लागते.

‘चार नगरांतले माझे विश्व’ हे त्यांचे आत्मचरित्र २०१२ साली प्रसिद्ध झाले आणि २०१४ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही चार नगरे म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला, तरी चारांत कोल्हापूर नाही, अशी आम्हां कोल्हापूरकरांची एक लटकी तक्रार असते. तिचे उत्तर आत्मचरित्रातच सापडते. वडील विष्णु वासुदेव नारळीकर कोल्हापूरचे, आई सुमती ही कोल्हापूरच्या हुजूरबाजार घराण्यातली. बनारसच्या घरात कोल्हापूर मामांच्या रूपाने आले होते.

मोरेश्वर हुजूरबाजार हे मामा शिकण्यासाठी बनारसला राहत असताना घरातील फळ्यावर गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवीत. ‘जयंतला आव्हान’ अशा अर्थाचे शीर्षक वर असे. कोडे सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत ते पुसले जात नसे. ही हकीकत नारळीकरांनी अनेकदा सांगितली आहे आणि शिक्षकांनाही ती ठाऊक आहे. ती सांगताना आपण मामांच्या हुशारीवर किंवा भाच्याच्या बुद्धीवर भर देतो. आमच्या मते तिच्यातील महत्त्वाची गोष्ट आहे ती फळा. येता-जाता डोळ्यांसमोर प्रश्न होता आणि उत्तराची घाई कोणालाच नव्हती.

आता पोस्टकार्डाकडे वळू. मुले स्वाक्षरी मागू लागली की नारळीकर त्यांना सांगत, ‘पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर आणि सही दोन्ही मिळेल.’ या पद्धतीचे गुण उघड आहेत. सहीच्या मोहाने का होईना, मुलाला प्रश्न शोधावा लागे. कार्डावर जागा थोडी, म्हणून तो नेमका मांडावा लागे. एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्याला उत्तर देतो, ही जाणीव काही मुलांना जन्मभर पुरली असेल.

तरीही एक उणीव सांगितली पाहिजे. पोस्टकार्डावर येते ते उत्तर. ते बिनचूक असते, सोपे असते, पण तयार असते. ते कसे मिळाले आणि ते खरे आहे हे मुलाने कसे पडताळावे, याला कार्डावर जागा उरत नाही. शिवाय खाली नारळीकरांची सही असल्यावर ते पडताळण्याचे कोणाच्या मनात येणार? ज्या माणसाने आयुष्यभर प्रस्थापित मताला प्रश्न विचारले, त्याचे उत्तर मुलांच्या हाती अखेरचा शब्द म्हणून पडावे, ही विसंगती आहे. आत्मचरित्रही काही ठिकाणी असेच वाटते. माणसे, प्रवास आणि संस्था त्यात ठळक दिसतात. एखादा प्रश्न मनात कसा घोळत राहिला, कोठे अडला, कोणती वाट सोडून द्यावी लागली, हे तितके दिसत नाही. शिक्षकाला नेमके तेच हवे असते.

या जोडउद्योगांपैकी शिक्षकाला सर्वांत उपयोगी काय, असे विचारले तर आम्ही फलज्योतिषाच्या चाचणीचे नाव घेऊ. २००८ साली नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी यांनी ती केली आणि २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात तिचा निष्कर्ष छापून आला. १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार केल्या. सहभागी झालेल्या प्रत्येक ज्योतिषाकडे त्यांतल्या ४० पत्रिका पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते विचारले. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. त्यांत बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के होते. अंदाजाने सांगितले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर आली असती.

येथे कोणाची सही कामाची नाही. प्रश्न आधी ठरला, यशाची कसोटी आधी ठरली आणि मग निकाल आला. शिवाय वर्गातही तो पडताळता येतो. २७ विद्यार्थ्यांना प्रत्येकी ४० वेळा नाणे उडवू द्या आणि छाप की काटा हे प्रत्येक वेळी आधी सांगायला लावा. साधारण तीन-चार विद्यार्थ्यांची २४ किंवा अधिक उत्तरे बरोबर येतील. ते विद्यार्थी भविष्यवेत्ते आहेत काय? २८ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता मात्र प्रत्येकी शेकडा एकाहूनही कमी आहे. योगायोग कोठपर्यंत जाऊ शकतो, हे मुलांना एका तासात कळते. मामांचा फळा आणि ही चाचणी यांत आम्हांला एकच वृत्ती दिसते, ती पोस्टकार्डात उतरू शकली नाही.

हा भेद आज मुद्दाम सांगण्याचे कारण इंटरनेट. नारळीकरांचे कार्ड यायला काही दिवस लागत. आता उत्तर क्षणात मिळते, आणि प्रश्न टाकताच सबंध प्रकल्प लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही मुलांच्या हाती आहे. शाळांतून ‘इंटरनेटवर शोधून प्रकल्प करा’ असे सांगितले जाते आणि रंगीत मुखपृष्ठाची छापील पाने जमा होतात. शिक्षक त्यांवर सही करतो. याला संशोधन म्हणणे आम्हांला मान्य नाही. पण इंटरनेटला दोष देऊनही काही साधणार नाही. तेथे मिळालेल्या माहितीला आपण कोणता प्रश्न विचारतो, यावर सारे अवलंबून आहे.

कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ. अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव इंटरनेटवर शोधला की ठरलेली माहिती मिळते. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवशी मावळत्या सूर्याचे किरण गाभाऱ्यात पोहोचतात. पहिल्या दिवशी ते मूर्तीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पडतात, असे सांगतात. बहुतेक प्रकल्प येथे संपतात.

खरे तर येथे सुरुवात व्हायला हवी. नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हीच जोडी का? २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. १० नोव्हेंबर हा त्याच्या ४२ दिवस आधी आणि १ फेब्रुवारी ४१ दिवस नंतर येतो. म्हणून दोन्ही दिवशी सूर्य आकाशात जवळजवळ एकाच ठिकाणी मावळतो. भूगोलाच्या पुस्तकातील दक्षिणायन-उत्तरायण हे असे आपल्या गावात दिसते.

आता पुढचा प्रश्न. नोव्हेंबरात सूर्य दिवसेंदिवस दक्षिणेकडे सरकत असतो, तर फेब्रुवारीत उत्तरेकडे. पंचांगातील किंवा इंटरनेटवरील सूर्याच्या क्रांतीचे आकडे पाहा. ११ नोव्हेंबरचा आकडा ३१ जानेवारीशी जवळजवळ जुळतो आणि ९ नोव्हेंबरचा २ फेब्रुवारीशी. म्हणजे नोव्हेंबरात मुखावर किरण पडतात त्या दिवशीची सूर्याची जागा आणि जानेवारीत चरणांवर पडतात त्या दिवशीची जागा एकच! मग दोन्ही वेळा क्रम चरणांकडून मुखाकडे कसा? फक्त सूर्याच्या क्रांतीचा विचार केला तर एका वेळी तो उलटा असायला हवा.

उत्तर अनेक गोष्टींत असू शकेल. एकाच संध्याकाळी सूर्य खाली जाईल तसा किरण आत आणि वर सरकतो, म्हणून वेळेची नोंद लागेल. क्षितिजावरचे धुके, ढग, वाटेतील इमारती यांचाही परिणाम होईल. प्रत्येक दिवशी किरण किती वाजता कोठवर पोहोचला, याच्या दोन्ही मोसमांतील नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय निकाल लागणार नाही. इंटरनेटवर क्रांतीचे कोष्टक, सूर्यास्ताची वेळ आणि देवळाचा नकाशा मिळेल. नोंदी मात्र विद्यार्थ्यांनाच कराव्या लागतील. ज्यांच्या गावी असे देऊळ नाही, त्यांना शाळेच्या पश्चिमेकडील खिडकीतून भिंतीवर पडणारा कवडसाही पुरेल.

आमची सूचना साधी आहे. वर्गातील एका फळ्याचा कोपरा राखून ठेवा आणि त्यावर आठवड्याला एक प्रश्न लिहा. पहिले तीन दिवस मुलांनी आपला अंदाज लिहावा आणि तो कसा तपासता येईल ते लिहावे. चौथ्या दिवशी इंटरनेट उघडावे आणि तेथील उत्तर त्या अंदाजाशेजारी मांडावे. दोन्ही जुळले नाहीत तर प्रश्न पुसू नये. प्रकल्पाचे गुण देताना छापील पानांपेक्षा या फळ्यावरील नोंदींना अधिक वजन द्यावे.

नारळीकरांची पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात असावीतच. मात्र ती वाचताना त्यांच्या प्रत्येक उत्तराखाली ‘हे आपण कसे तपासू?’ असे पेन्सिलीने लिहिण्याची सवय मुलांना लावली पाहिजे.