स्त्रीवेष व समाज (महाराष्ट्र, एकोणिसावे शतक)

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय स्त्रीचा वेष हा व्यक्तिगत आवडीपेक्षा जात, वैवाहिक स्थिती व सांपत्तिक परिस्थिती यांचा दर्शक होता. नऊवारी लुगडे (लांबी सु. ८ मी.) व पुढे गाठ मारावयाची चोळी हे त्याचे मुख्य घटक. कासोट्यामुळे वाकणे व शेतकाम करणे सुलभ होई. वस्त्र सर्व थरांत एकच असले, तरी पोत, काठपदर व नेसण्याची तऱ्हा यांवरून नेसणारीचा दर्जा ओळखू येई. कष्टकरी स्त्रिया लुगडे वर खोचून नेसत. प्रतिष्ठित घरांत ते खाली सोडलेले असे.

मुंबईहून करमाळा तालुक्यातील जेऊरवरून जाणारा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला. १८७७ मध्ये सोलापुरात कापडगिरणी निघाली. हातमागाच्या लुगड्यांबरोबर गिरणीचे कापड आसपासच्या बाजारांत येऊ लागले. कापड बदलले, मात्र ते कोणी, कसे नेसावे याचे नियम तसेच राहिले. विधवेच्या बाबतीत ते सर्वांत कठोर होते. ब्राह्मण व काही उच्चवर्णीय समाजांत तिला कुंकू, बांगड्या व चोळी वर्ज्य असून केशवपन करून आलवण नेसावे लागे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. तथापि हा वेष त्यानंतरही टिकून राहिला. पंडिता रमाबाई यांनी द हाय-कास्ट हिंदू वुमन (१८८७) या ग्रंथात विधवांच्या या स्थितीचे वर्णन केले आहे.

सुधारणेच्या वादातही स्त्रीचा वेष हा समाजाच्या अब्रूचा प्रश्न मानला गेला. वैद्यकीय शिक्षणासाठी १८८३ मध्ये अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांनी स्वदेशीय वेष सोडला नाही. नऊवारीत पाय उघडे पडत असल्याने तेथील थंडीत त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. प्रकृतिरक्षणासाठी केलेल्या एवढ्या लहान बदलाचाही पतीबरोबरच्या पत्रव्यवहारात विचार व्हावा, यावरून स्त्रीच्या वस्त्रावरील अधिकार कोणाचा होता, हे स्पष्ट होते.

या काळाच्या वेषाची लोकमानसातील प्रतिमा राजा रविवर्मा यांच्या चित्रांनी घडविली. १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या त्यांच्या छापखान्यामुळे लुगडे वा साडी नेसलेल्या देवी व नायिका घरोघर पोहोचल्या. वस्त्रांचा पोत व जरीची झळाळी दाखविण्यातील त्यांचे कौशल्य वादातीत आहे. तथापि वेषेतिहासाचे साधन म्हणून ही चित्रे अपुरी ठरतात; कारण त्यांत वस्त्र केवळ शोभा म्हणून येते, त्यामागील सक्ती दिसत नाही. विटलेल्या लुगड्यातील मजूर स्त्री व आलवणातील विधवा या त्यांच्या लोकप्रिय छापील चित्रांच्या जवळजवळ बाहेरच राहिल्या. म्हणून या काळाच्या स्त्रीवेषाचा विचार करताना चित्रांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व स्त्रियांच्या स्वतःच्या लेखनास द्यावे लागते.