षड्ज न विचारणारा कीबोर्ड

बंगळुरूच्या होसूर रस्त्यावरची इलेक्ट्रॉनिक सिटी म्हटली की सॉफ्टवेअर कंपन्या डोळ्यांसमोर येतात. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी माणसांनाही तिची ओळख बहुधा तेवढीच असते. आपल्या संगीताच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या इतिहासात मात्र या वसाहतीचं मोठं स्थान आहे. अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये सुरू केलेली राडेल ही कंपनी इथली. तिचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा, श्रुतिपेटी आणि तबल्याचं यंत्र देशभरातल्या रियाझाच्या खोल्यांत पोहोचलं. या तानपुऱ्याची रचना पाहण्यासारखी आहे. तो सुरू केला की सर्वांत आधी ठरवायचा असतो षड्ज: काळी एक, पांढरी चार की आणखी कुठला. बारीक फरकासाठी वेगळी सोय असते, कारण गळ्याचा षड्ज पेटीच्या पट्टीवर नेमका बसेलच असं नाही. मग पहिल्या तारेला पंचम हवा की मध्यम, ते ठरतं. स्वर कुठून मोजायचे, याचं उत्तर मिळाल्याशिवाय यंत्र कामाला लागत नाही.

आज घराघरांतल्या छोट्या स्टुडिओंत जो मिडी कंट्रोलर, म्हणजे स्वतः आवाज न काढणारा कीबोर्ड, संगणकाला जोडला जातो, तो हा प्रश्न विचारत नाही. यूएसबीची वायर लावली की तो लगेच चालू होतो आणि चालू होतो तो पाश्चात्त्य समस्वरित, म्हणजे बारा समान भागांच्या, सप्तकात. भारतीय संगीताच्या इलेक्ट्रॉनिक निर्मितीत आज जो सपाटपणा ऐकू येतो, त्याचं मोठं कारण मला इथे दिसतं. तो दोष मिडीच्या क्षमतेचा कमी आणि जुळवणीकडे झालेल्या दुर्लक्षाचा जास्त आहे. तंबोरा लावणं हे आपण गाण्याचंच अंग मानतो. कंट्रोलर लावणं मात्र तांत्रिक कटकट समजून उरकून टाकतो.

कळांच्या वाद्यावर आपले स्वर कसे जुळवायचे, या वादाची मुळं महाराष्ट्रातही आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साथीने श्रुति-हार्मोनियमचा ध्यास घेतला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी प्रत्यक्षात आणली. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, तेव्हाचे मुख्य आक्षेप दोन होते: तिचे स्वर आपले नाहीत आणि तिच्यात मींड नाही. पेटीपुरते ते खरेच होते, कारण एकदा घासून लावलेली रीड वाजवताना हलत नाही. मिडीचं तसं नाही. १९८३ मध्ये डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने आलेल्या या पद्धतीत कंट्रोलर आवाज काढतच नाही. कोणती कळ, किती जोराने, स्वर वरखाली ओढणारं चाक किती फिरवलं, एवढेच निरोप तो पाठवतो. निरोपाचा अर्थ काय लावायचा, हे संगणकातलं वाद्य ठरवतं. म्हणजे पेटीचे दोन्ही दोष इथे जन्मजात नाहीत. सोडवून घेण्याची तसदी कुणी घेतली नाही म्हणून ते टिकले आहेत.

शुद्ध गंधार घ्या. तानपुऱ्याच्या नादातून जो उमटतो, तो पट्टीवरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभरातले चौदा भाग, उतरलेला असतो. खाली तानपुरा आणि वर समस्वरित गंधार असा मेळ घातला की यमन किंवा भूपाची बैठकच हलते. उपाय सोपा आहे: स्वरांची सारणी षड्जापासून नव्याने मांडून द्यायची. काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधल्या षड्जासाठी ट्रान्सपोजचं बटण पुरत नाही, वाद्याचं बारीक ट्यूनिंग हलवावं लागतं. मग येते मींड. चाकाचा पल्ला नेहमीच्या मांडणीत वरखाली दोनच अर्धस्वर असतो. तो सातवर नेला की षड्जापासून पंचमापर्यंत ओढ मिळते आणि तरीही चाकाच्या १६,३८४ पायऱ्यांमुळे एक पायरी सेंटच्या दहाव्या भागाहून लहान राहते. चाकाला स्प्रिंग असते, सोडलं की ते मध्यावर येतं. या गुणाची तक्रार होते, पण सतारीची तारही सोडली की जागेवर येतेच. उतरती मींड घेताना सतारिया तार आधी ओढून धरतो, नखी मारतो आणि मग सैल सोडतो. चाक आधी वर धरून कळ दाबली आणि सावकाश सोडलं की तीच चाल साधते. त्यासाठी तानपुऱ्याचा थर मात्र वेगळ्या चॅनेलवर हवा, नाहीतर मींडेबरोबर तोही ओढला जातो. तबल्याच्या बाबतीत पॅडवरचा दाब बायाच्या सुराला जोडला तर मनगटाने दाबून घेतलेला घिस्सा जवळपास तसाच उतरतो.

यावर म्हटलं जाईल की चित्रपट संगीतात दशकानुदशकं कीबोर्ड वाजतो आहे आणि ऐकणाऱ्यांची तक्रार नाही. पण इलेक्ट्रॉनिक वाद्यांवरची लक्षात राहिलेली कामं पाहिली तर वेगळंच दिसतं. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रोलँड कंपनीच्या यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. मिडी तेव्हा यायचा होता. त्यांतल्या टीबी-३०३ या यंत्राच्या एका स्वरातून दुसऱ्यात घसरण्याच्या सोयीत त्यांना मींड सापडली, हेच त्या तबकडीचं मर्म. ए. आर. रहमान यांनी ‘दिल्ली-६’मध्ये कंटिन्यूअम हे कळा नसलेलं सलग पृष्ठभागाचं वाद्य वापरलं. नेहमीच्या मांडणीवर दोघांचंही समाधान झालं नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: एवढा खटाटोप करण्यापेक्षा खरा सतारिया किंवा बासरीवादक का बोलावू नये? जिथे शक्य आहे तिथे जरूर बोलवावा. मिरजेच्या तंतुवाद्याला पर्याय उभा करणं हा कंट्रोलरचा हेतू असू नये. पण बोलावणं शक्य नाही म्हणूनच तर कंट्रोलर घेतला जातो, आणि मग त्यावर वाजलेलं संगीत बेसूर चालेल असं म्हणता येत नाही. तिसरा युक्तिवाद नव्या तंत्राच्या भरवशाचा. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक स्वर स्वतःच्या चॅनेलवर जातो, त्यामुळे एक स्वर ओढला तरी दुसरा जागेवर राहतो. २०२० च्या मिडी २.० मध्ये बारकावे आणखी वाढले. ही प्रगती मोलाची आहे. पण एमपीईच्या उपकरणालाही षड्ज कुणीतरी सांगावाच लागतो.

लयीचा हिशेबही याच जुळवणीत मोडतो आणि त्याकडे तर फारच थोडे पाहतात. संगणकाचा बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी साठवून धरलेला तुकडा, ५१२ नमुन्यांचा असेल तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने एकट्या त्यानेच साडेअकरा मिलिसेकंद उशीर होतो. मिनिटाला तीनशे मात्रांच्या द्रुत त्रितालात पाव मात्रा पन्नास मिलिसेकंदांची असते. तिथे एवढा उशीर बोल मागे खेचतो. बफर १२८ वर आणला की उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. बफर कमी न करता मागे पडलेले बोल क्वांटाइझने, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ठरीव चौकटीत बसवून, सरळ केले जातात, आणि हातातली लय त्यातच पुसली जाते.

उणीव उरते ती मधल्या जागेत. राडेलसारख्या कंपन्यांनी साथीचा प्रश्न सोडवला, डिजिटल वीणा करून गायकी अंगालाही हात घातला. पण ही बहुतेक वाद्यं आपापल्या पेटीत बंद आहेत. मिडीची दुनिया खुली आहे, पण ती आपल्या स्वरांबद्दल अनभिज्ञ. संगीत-निर्मिती शिकवणारे शिक्षक दोन्हींच्या मधला पूल बांधू शकतात, आणि पहिल्याच तासाला षड्ज, सारणी, चाकाचा पल्ला नि बफर एवढं शिकवलं तरी पुष्कळ होईल. खरेदीच्या वेळीही कळा किती, पॅडचे दिवे किती, हे पाहण्याआधी एक गोष्ट विचारावी: सोबत मिळणारं सॉफ्टवेअर स्वरांची सारणी ठेवणारी स्काला फाइल वाचतं की नाही.